वयस्कर माणसाला फिट येते तेव्हा घरच्यांनी काय काय करायचं

फिट म्हणजे लहान मुलांचा नाहीतर तरुणांचा आजार असं आपल्याकडे अजून लोक धरून चालतात, पण तसं नाहीये, साठी-पासष्टीनंतर पहिल्यांदाच फिट सुरू होणं हे ऐन तरुणपणापेक्षा जास्त घडतं आणि वय वाढेल तसं ते अजून वाढत जातं. जन्मभर भातशेती केली, कधी ताप आला म्हणून झोपून राहिले नाहीत, आणि बहात्तराव्या वर्षी अपस्मार, म्हणजे परत परत फिट येण्याचा आजार, निघाला असं सर्रास होतं. माझं तळकोकणात औषधाचं दुकान आहे, घरातली माणसं चिठ्ठी घेऊन येतात आणि बोलता बोलता सगळं सांगतात, आणि मला परत परत एकच दिसतं की औषध मिळायला वेळ लागत नाही, ही फिट आहे हे कळायलाच महिनोन्महिने जातात. डॉक्टरांसमोर फिट सहसा येत नाही, ती येते पडवीत, मागीलदारी, न्हाणीघरात, म्हणजे बघणारे तुम्हीच, आणि तुम्ही काय बघितलं आणि ते कसं सांगितलं यावर अर्धं निदान ठरतं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस काही मी इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. बाकी घरात जे जे करता येतं ते सांगते.

ओळखायची कशी

आपल्या डोक्यात फिट म्हटलं की माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. म्हाताऱ्या माणसांत तशी फिट येते, पण पुष्कळदा येतच नाही. मेंदूच्या एका भागात सुरू होते आणि तिथेच विरते. आजी पडवीत बसून सुपात कुळीथ निवडत असते आणि मध्येच हात थांबतो, नजर अंगणाकडे पण बघत काहीच नाही, तोंडात काही नसताना ओठ चावल्यासारखे हलतात, उजव्या हाताची बोटं पदराची किनार चिमटीत धरून ओढत राहतात. सून हाक मारते, आये, गे आये, उत्तर नाही. दोनेक मिनिटांनी हात परत सुपात जातो पण खडे आणि कुळीथ एकाच बाजूला टाकायला लागते. काय झाला गे, विचारलं तर म्हणते माका काय झाला, बसलंय नुसती. आणि मग तासभर तीच गोष्ट तीन वेळा विचारते. ही फिट आहे, पूर्ण फिट, आणि हिला घरात म्हणतात वय झालं, तंद्री लागते.

ह्या प्रकारच्या फिटची खूण अशी की दर वेळी साधारण तसंच होतं, तोच हात, तशीच नजर, तेवढाच वेळ, आणि नंतर गोंधळ. तरुण माणूस फिटनंतर थोड्या वेळात ताळ्यावर येतो, म्हाताऱ्या माणसाला कधी कधी अख्खा दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे फिट कोणी बघितलीच नाही आणि नंतरचा गोंधळ तेवढा दिसला की सगळे म्हणतात भ्रमिष्ट झाले, विसरभोळेपणाचा आजार लागला. विसरभोळेपणा हळूहळू वाढत जातो, तो सकाळी चांगला, दुपारी गायब आणि संध्याकाळी परत चांगला असा येत-जात नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप. काहींना तर फिट म्हणजे फक्त आठवणीतलं भोक असतं, बहुतेक झोपेतून उठल्यावर, बोलतात चालतात सगळं पण त्या वेळेचं नंतर काहीच आठवत नाही.

चक्कर येऊन पडणं वेगळं. उभं राहताना, उन्हातून आल्यावर, लघवीला उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, चेहरा पांढराफटक, घाम, आणि आडवं केलं की मिनिटभरात पूर्ण शुद्धीवर, तर ते बहुतेक रक्तदाब नाहीतर हृदयाचं असतं. त्यातही दोन-चार झटके येऊ शकतात, त्यामुळे झटके आले म्हणजे फिटच असं नाही. जिभेचा कडेचा भाग चावलेला असेल, डोळे-मान एका बाजूला वळली असेल, नंतर बराच वेळ गुंगी असेल तर फिटकडे संशय जास्त. लघवी होणं दोन्हींत होतं, त्यावरून काही ठरत नाही.

अजून एक गोष्ट जी बघून लोक घाबरतात ती म्हणजे फिटनंतर एक हात किंवा पाय काही वेळ लुळा पडतो, बोलता येत नाही. ते काही तासांत, फार तर दिवस-दीड दिवसात आपोआप सुटतं. पण ते फिटचं आहे की खरोखर लकवा, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून किंवा ती फुटून झालेला, आहे हे घरात बसून कोणालाही सांगता येणार नाही. लकव्याची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून असं काही दिसलं की सुटेल म्हणून वाट बघायची नाही, स्कॅन होतो अशा ठिकाणी सरळ घेऊन जायचं. आणि फिट दिसली नाही पण माणूस सकाळपासून वेगळाच वागतोय, उत्तरं तुटक देतोय, मध्येच पापण्या नाहीतर ओठाची कड फडफडतेय, तर आतल्या आत फिट चालूच असू शकते, ती ईईजीशिवाय, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूच्या आलेखाशिवाय, कळत नाही आणि तेही त्याच दिवशी बघायला लागतं.

बाहेरचं काही आहे का, हा प्रश्न आपल्याकडे येतोच. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, त्याने तुमच्या मनाला बळ येतं. पण माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि कोणी सांगितलं म्हणून धुरी देणं, तोंडात काही पिळणं, उपाशी ठेवणं हे म्हाताऱ्या शरीराला झेपत नाही.

का येते

सगळ्यात मोठं कारण लकवा. जखम भरली तरी वण राहतो तसा मेंदूत डाग राहतो आणि त्याच्या कडेच्या पेशी महिन्यांनी, कधी वर्षांनी फिट देतात. लकवा झाल्या झाल्या पहिल्या सात दिवसांत आलेली फिट वेगळी धरतात, ती परत येईलच असं नसतं. पण लकव्याला महिने उलटल्यावर एक जरी फिट आली तरी ती परत यायची शक्यता इतकी असते की २०१४ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे त्या एकाच फिटवर अपस्मार म्हणून औषध सुरू करता येतं, दुसरीची वाट बघायची गरज नसते. त्यानंतर अल्झायमर, मेंदूतल्या गाठी, डोक्याला लागलेला मार, आणि आपल्या देशात टेपवर्मच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेल्या आणि वर्षांनुवर्षं तशाच राहिलेल्या चुन्यासारख्या गाठी. मार म्हणजे मोठा अपघातच हवा असं नाही. पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरून पडले, टेंगूळ आलं, बरं वाटलं, आणि दोन-चार आठवड्यांनी फिट आली, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं, विशेष करून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. म्हणून पडल्याची तारीख आठवून सांगा.

दुसरा गट तात्पुरत्या कारणांचा, आणि हा समजून घेतला तर कितीतरी लोकांना जन्मभराची गोळी लागत नाही. साखर एकदम उतरणं, मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवले नाहीत की हे होतं. सोडियम कमी होणं, हे तर मी इतक्या वेळा बघते, बीपीच्या गोळीत लघवीचं औषध जोडलेलं असतं, त्यात उलट्या-जुलाब झाले किंवा मीठ कमी करा म्हटल्यावर पूर्णच बंद केलं, आठवडाभर पेज आणि पाणी, आणि मग गोंधळ, मग फिट. गंभीर जंतुसंसर्ग, किडनी नीट काम न करणं हेही आहेच. ही कारणं दुरुस्त केली की फिट थांबते.

दारूचं स्पष्ट लिहिते कारण ते घरात कोणी बोलत नाही. रोज पिणारा माणूस श्रावण पाळायचा म्हणून किंवा माळ घातली म्हणून एका दिवसात पूर्ण बंद करतो, मनातून चांगलंच करतो, पण वर्षानुवर्षं रोज घेतलेली दारू अचानक तोडली की पहिल्या सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हात थरथरणं, घाम, भास आणि फिट येऊ शकते. साठीच्या पुढे तर फार जपावं लागतं. सोडायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून, औषधाच्या आधाराने सोडायची. आणि फिट घेऊन दवाखान्यात गेलात तर लाज न धरता सांगा की परवापर्यंत पीत होते, त्यावर पूर्ण उपचार बदलतो.

कापूर पोटात गेला तर फिट आणतो, थोडासाही. सर्दीला, पोटाला म्हणून कापूर खाऊ घालणं, निलगिरी तेल पाजणं हे करू नका. आणि किडनीचा आजार असेल तर करमल, ते कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, त्याचं लोणचंही नको आणि सरबतही नको. निरोगी माणसाला काही होत नाही, पण किडनी खराब असलेल्यांना त्यातलं विष बाहेर टाकता येत नाही, न थांबणाऱ्या उचक्या, गोंधळ आणि फिटपर्यंत जातं.

फिट चालू आहे, आता

घड्याळ बघा. आधी घड्याळ, कारण तुम्हाला दोन मिनिटं दहा वाटणार आहेत आणि पाच मिनिटांवर निर्णय घ्यायचा आहे. चष्मा काढा, गळ्याशी बटण सैल करा, डोक्याखाली टॉवेल, पंचा, हाताला येईल ते मऊ ठेवा, आजूबाजूची विळी, कोयती, स्टूल, समई बाजूला सरका. चुलीजवळ, पायऱ्यांजवळ, विहिरीच्या कठड्याजवळ असतील तरच ओढून बाजूला घ्या, नाहीतर जिथे आहेत तिथेच राहू दे. झटके थांबू लागले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका, म्हाताऱ्या माणसाचं हाड त्याने मोडतं आणि खांदा निखळतो. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, गोळी नाही. दात निसटून घशात जातात, कवळी असेल आणि ती आपोआप सुटली असेल तरच उचलून घ्या, तोंडात हात घालून काढायला जाऊ नका. कांदा, चामड्याची चप्पल, हातात चावी, याने फिट थांबत नाही, फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबणारच असते आणि श्रेय चपलेला जातं.

ज्या फिटमध्ये माणूस पडत नाही, नुसता हरवतो, त्यात धरून बसवू नका, शांतपणे सोबत चाला, विस्तवापासून, रस्त्यापासून, पाण्यापासून वळवा, आवाज चढवू नका. दटावलं किंवा घट्ट धरलं तर ती माणसं घाबरून हात उगारतात, त्यांना कळत नसतं.

पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, किंवा पहिलीच फिट आहे, किंवा डोक्याला लागलंय, श्वास नीट येत नाहीये, किंवा पाण्यात असताना आली, तर १०८ लावा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि पैसे लागत नाहीत, पण वाडी डोंगरावर असेल तर गाडी कुठपर्यंत येते आणि पुढे खुर्चीवरून आणायला कोण येईल हे आजच ठरवून ठेवा, त्या दिवशी नाही. घरात शुगर बघायचं मशीन असेल तर झटके थांबल्यावर लगेच बघा आणि आकडा लिहा. साखर कमी असेल तरी पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडाने साखरपाणी नको. ज्यांच्या फिट लांबतात त्यांना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून देतात, तो कधी आणि किती मारायचा हे कागदावर लिहून घ्या आणि स्प्रे ज्या कपाटात असेल ते घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांनाही माहीत हवं. एक्सपायरी बघत जा.

आणि जमलं तर मोबाईलवर शूटिंग करा. दोन माणसं असतील तर एकाने सांभाळायचं, एकाने चेहरा, डोळे आणि दोन्ही हात दिसतील असं शूट करायचं, मग हाक मारून बघायचं, आये माझा हात दाब, हे काय आहे सांग, म्हणजे उत्तर येतं का तेही रेकॉर्ड होतं. लोकांना हे करताना बरं वाटत नाही, आई अशी पडलीय आणि आपण व्हिडिओ काढतोय असं वाटतं. पण त्या अर्ध्या मिनिटाने न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना, जेवढं कळतं तेवढं कधी कधी महागड्या तपासणीतून कळत नाही, तेव्हा संकोच करू नका.

डॉक्टरकडे जाताना

आपल्याकडे न्यूरोलॉजिस्ट गल्लोगल्ली नाहीत. कोणी ओरोसला सिव्हिलला जातात, कोणी रत्नागिरीला, चिपळूणच्या बाजूचे डेरवणच्या हॉस्पिटलला, सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला, काही घाट चढून कोल्हापूरला, आणि मुलगा मुंबईला असेल तर कोकण रेल्वेने थेट मुंबई. एवढ्या लांब जाऊन दहा मिनिटं मिळतात, ती वाया जाऊ नयेत म्हणून तयारी करा. एका वहीत तारीख, वेळ, आधी काय करत होते, सुरुवात कशाने झाली, किती मिनिटं, नंतर किती वेळ गोंधळ, आदल्या रात्रीची झोप, गोळी चुकली होती का. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, सगळ्या म्हणजे बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी, गुडघ्याची, झोपेची, आयुर्वेदिक काढे, मुलीने मुंबईहून पाठवलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. ज्याने फिट डोळ्यांनी बघितली त्या माणसाने सोबत जायचं, गाडी चालवायला दुसरा कोणी घ्या.

तपासण्यांत रक्तातली साखर, सोडियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, ईसीजी, आणि मेंदूचा एमआरआय, तो नसेल तिथे सीटी. ईसीजी का, असं लोक विचारतात, तर हृदयाचे ठोके चुकल्यामुळे पडणारी माणसं फिट म्हणून फिरत असतात आणि काही फिटच्या औषधांना हृदयाची वायरिंग नीट असावी लागते, म्हणून. पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधीच सांगा. ईईजीच्या आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि खोबरेल अजिबात लावू नका, तेलामुळे तारा नीट चिकटत नाहीत. आणि ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिट नाही असा अर्थ नाही, तो फक्त त्या अर्ध्या तासाचा फोटो असतो, त्या रिपोर्टवर गोळ्या स्वतःहून बंद करणारे लोक मी बघितलेत, तसं करू नका.

गोळ्या

इथे आधी चांगली बातमी सांगते कारण ती कोणी सांगत नाही. म्हातारपणी सुरू झालेला अपस्मार औषधाला चांगली दाद देतो. दहातल्या सहा-सात जणांच्या फिट गोळीने पूर्ण थांबतात, बहुतेक वेळा एकाच गोळीने आणि तरुणांपेक्षा कमी डोसवर. म्हणून चांगले डॉक्टर अगदी थोड्यापासून सुरू करतात आणि हळू वाढवतात, आणि तुम्ही असं म्हणू नका की एवढीशीच गोळी दिली, काही उपयोग नाही.

आता कोणती, तर हल्ली म्हाताऱ्यांना जास्त करून लेव्हेटिरासिटाम नाहीतर लॅमोट्रिजिन लिहितात. त्याला कारण आहे. अमेरिकेत साठीच्या वरच्या ५९३ जणांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये आला, त्यात लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन आणि कार्बामाझेपिन अशी तीन औषधं ताडून बघितली. फिट थांबवण्यात फार फरक नव्हता, पण कार्बामाझेपिनवाल्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना त्रासामुळे गोळी सोडावी लागली, लॅमोट्रिजिनवाल्यांत ते आठात एक होतं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मुद्दा तिथेच आहे, गोळी ताकदवान असून चालत नाही, ती त्याला रोज घेता आली पाहिजे.

लेव्हेटिरासिटामचा दुसऱ्या औषधांशी झगडा जवळजवळ नाही, हा तिचा मोठा गुण. पण काही जणांचा स्वभाव बदलतो, चिडचिड, रडू येणं, संशय, आणि घरचे म्हणतात म्हातारपणी असेच होतात. गोळी सुरू झाल्यानंतर स्वभाव बदलला असेल तर तो गोळीचा असू शकतो, डॉक्टरांना सांगा, बदलता येते. किडनी कमजोर असेल तर हिचा डोस कमी लागतो. लॅमोट्रिजिन मनाला हलकी असते, पण ती आठवड्या-आठवड्याने अगदी सावकाश वाढवायला लागते, घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येतं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत पुरळ आलं की त्याच दिवशी फोन करायचा, कालवं खाल्ली असतील, उष्णता असेल असं म्हणत बसायचं नाही.

जुनी औषधं, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि कितीतरी लोक त्यावर चांगले आहेत. तीस वर्षं फेनिटॉइन चालू आहे आणि फिट नाही, तर हे वाचून उद्या बंद करू नका, अचानक बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. पण नवीन सुरू होत असेल तर विचारा. ही तिन्ही औषधं लिव्हरचं काम वाढवतात आणि दुसऱ्या गोळ्या लवकर संपवून टाकतात, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन, अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, कोलेस्टेरॉलची अटोरव्हास्टॅटिन, बीपीची ॲम्लोडिपिन. म्हणजे फिटच्या गोळीमुळे लकवा टाळायची गोळी कमी पडते. हाडंही ठिसूळ होतात, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं विचारून घ्या. फेनिटॉइन जरा जास्त झाली की चाल अडखळते, डोळे हलतात, माणूस प्यायल्यासारखा चालतो आणि पडतो. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन सोडियम उतरवतात, त्यात बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध असेल तर जास्तच, तेव्हा सुरू केल्यावर काही आठवड्यांनी सोडियम तपासून घ्या. व्हॅल्प्रोएट ह्या फिटच्याच गोळीने हात कापतात, कधी कधी पार्किन्सनसारखं दिसायला लागतं.

दुकानात उभी राहून मी ज्यासाठी सगळ्यात जास्त थांबवते ते म्हणजे दुसऱ्या आजारासाठी मध्येच घेतलेली औषधं. गुडघेदुखीवर ट्रामाडोल असलेली गोळी सर्रास लिहितात, ती फिट आणू शकते. लघवीच्या जळजळीवर सिप्रोफ्लॉक्सासिन, तेही. कार्बामाझेपिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक गोळी घेतली तर कार्बामाझेपिन अंगात साचते. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य हेच, ह्यांना फिटची अमुक गोळी चालू आहे. आणि आमच्यासारख्यांना पण विचारा, विचारायचे पैसे नाहीत.

वेळ पाळायची. दोन वेळची गोळी म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने, सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला बांधून टाकायची. चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढचीची वेळ जवळ आली असेल तर सोडा, दोन एकदम नकोत. संकष्टीला, एकादशीला गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडत नाही, हे आजीला घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं की पटतं. कंपनी शक्यतो बदलू नका, रिकामी स्ट्रिप घेऊन या आणि तीच मागा. आणि मे महिन्याच्या शेवटी पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात आणून ठेवा, जुलैत घाटात दरड आली, पुलावर पाणी आलं की माल वेळेवर पोचत नाही. पावसाळ्यात गोळ्या पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, खिडकीत नको.

किती वर्षं घ्यायची, हा प्रश्न येतोच. लकव्याच्या डागामुळे असेल तर बहुतेकदा कायमची, कारण डाग तिथेच राहतो. सोडियम किंवा साखरेमुळे होती तर थोडक्यात संपते. मधल्या सगळ्यांचं डॉक्टर ठरवतील, बंद करायची झाली तरी महिन्यांमध्ये हळूहळू.

घर आणि रोजचं

न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, आत कोणी आहे हे कळायला दारावर पंचा टाकायचा. स्टुलावर बसून आंघोळ, तापलेलं पाणी आधी बादलीत विसणून मग माणूस आत. विहिरीवर, तळीवर, खाडीला गरवायला एकटं जाणं बंद, होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट आणि सोबत. आंब्याला शिडी लावणं बंद. चुलीपुढे एकटं बसवू नका, गॅस असेल तर मागच्या शेगडीवर भांडं. गाडीचं म्हणाल तर लायसन्सच्या फॉर्म नंबर १ मध्ये फिट येते का असा सरळ प्रश्न आहे, स्कूटरची चावी काढून घेणं कठीण जातं, पण त्यांना बाजाराला कोण नेणार हे आधी ठरवा आणि मग चावी मागा.

झोप मोडली की फिट येते. गणपतीत रात्रभर भजनं, गौरी जागवणं, शिमगा, दशावतार, हे सगळं बंद करायची गरज नाही, मला तर वाटतं बंद करूच नये, माणूस घरात कोंडला की खचतो. आरतीला बसू दे, नाटकाची पहिली बाजू बघू दे, अकरा-बारापर्यंत घरी आणून झोपवा, दुपारी आधीच झोप काढायला लावा, आणि रात्रीची गोळी निघायच्या आधी द्या.

फिट येते म्हणून ताट-वाटी वेगळी काढणं, नातवाला मांडीवर न देणं, असलं काही करू नका, हा लागणारा आजार नाही. नातवाला घेताना खाली चटईवर बसवा, एवढंच.

गावात एकटे राहणारे खूप आहेत आपल्याकडे, मुलं मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी नाहीतर एकच जण. त्यांच्यासाठी आठवड्याचा सकाळ-रात्र खणांचा गोळ्यांचा डबा आणा, रविवारी शेजारच्या मुलीने भरायचा. सकाळी ठरलेल्या वेळी फोन, उचलला नाही की शेजारी जाऊन बघणार हे ठरलेलं असू दे, आणि घराची एक चावी त्यांच्याकडे. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा, नाव, वय, आजार, गोळ्यांची नावं, मुलाचा नंबर, १०८, आणि खाली फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांवर गेली तर गाडी बोलवा. शेजारच्या दोन घरांना बसवून एकदा कुशीवर वळवून दाखवा, नुसतं सांगितलेलं ऐन वेळी कोणाला सुचत नाही. आशाताई वाडीत येतात त्यांनाही सांगून ठेवा, त्यांच्याकडे उपकेंद्राचा आणि गाडीचा नंबर असतो.